तिसऱ्या अपत्याचा हिशेब : अल्प उत्पन्न कुटुंबांच्या साहाय्यावरील मर्यादा आणि तिची वाङ्मयीन पूर्वपीठिका

१. प्रश्नाचे स्वरूप

अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबाला शासनाकडून मिळणारे साहाय्य मुलांच्या संख्येनुसार वाढावे, की एका ठरावीक संख्येपाशी थांबावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी अर्थशास्त्राचा आणि प्रशासनाचा आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाशी मात्र त्याचा दुहेरी संबंध येतो. पहिली गोष्ट अशी की, या प्रश्नावरील वाद गेली सव्वादोनशे वर्षे केवळ विधिमंडळांत झालेला नाही. निबंध, उपहास आणि कादंबरी या वाङ्मयप्रकारांतूनही तो चाललेला आहे. दुसरी गोष्ट अशी की, अशी प्रत्येक मर्यादा अखेर एका वाक्याच्या रूपाने अस्तित्वात येते. त्या वाक्यात मुलाचा निर्देश कोणत्या शब्दाने केला आहे आणि मोजणीचे एकक कोणते धरले आहे, यावर कोणाच्या ताटात काय पडणार हे ठरते. धोरणाची भाषा ही येथे धोरणाची केवळ बाह्य वेष्टने नव्हेत. ती त्याची यंत्रणाच आहे.

या मर्यादेचे अलीकडचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ब्रिटनमधील आहे. तत्कालीन अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी जुलै २०१५च्या अर्थसंकल्पात ती जाहीर केली, २०१६च्या कायद्याने तिला आधार दिला आणि ६ एप्रिल २०१७ पासून ती अमलात आली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या व पुढील मुलासाठी ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ आणि ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या उत्पन्नाधारित साहाय्यांतील मुलाचा हिस्सा देणे बंद झाले. उत्पन्नाशी न जोडलेला सर्वसाधारण बालभत्ता सर्व मुलांना मिळत राहिला. कापला गेला तो गरजेवर आधारलेला भाग. २०२५-२६ या वर्षाच्या दराने हा हिस्सा एका मुलामागे महिन्याला २९२.८१ पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे साडेतीन हजार पौंड इतका होता. एप्रिल २०२५ मध्ये या नियमाच्या कक्षेतील घरांत सोळा लाखांहून अधिक मुले राहत होती. नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याचा निर्णय जाहीर झाला.

नियमाला काही अपवाद होते. जुळी वा तिळी मुले, दत्तक मुले, नात्यातील व्यक्तीने सांभाळायला घेतलेली मुले आणि संमतीवाचून झालेल्या गर्भधारणेतून जन्मलेली मुले यांना त्यातून सूट होती. यांतील अखेरचा अपवाद मिळवायचा तर आईला आपल्यावरील अत्याचाराची हकीकत एखाद्या मान्यताप्राप्त व्यावसायिकाकडे सांगून त्याच्या पुष्टीसह अर्ज भरावा लागे, आणि ती अत्याचार करणाऱ्याबरोबर राहत असेल तर सूट मिळत नसे. हे अपवाद नियमाचा अर्थ उघड करतात. आई-वडिलांची ‘निवड’ जेथे नव्हती असे मानले गेले तेथे मुलाला साहाय्य मिळाले आणि जेथे निवड गृहीत धरली गेली तेथे ते मिळाले नाही. मुलाची गरज दोन्ही ठिकाणी सारखीच होती. मर्यादा आई-वडिलांच्या वर्तनाविषयी बोलते आणि तिचा भार मात्र मुलावर पडतो. या दोहोंतील अंतर झाकले कसे जाते आणि साहित्याने ते उघडे कसे केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. पावाच्या मापापासून मेजवानीच्या रूपकापर्यंत

मे १७९५ मध्ये इंग्लंडमधील बर्कशर परगण्याचे न्यायाधीश स्पीनहॅमलँड येथे एकत्र आले. धान्याचे भाव भडकले होते आणि शेतमजुरांची मजुरी पुरत नव्हती. मजुरीचा किमान दर ठरवण्याऐवजी त्यांनी एक कोष्टक तयार केले. ठरावीक वजनाचा मोठा पाव एक शिलिंगाला मिळत असेल, तर कष्टकरी पुरुषाचे उत्पन्न आठवड्याला स्वतःसाठी तीन शिलिंग आणि पत्नी व कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दीड शिलिंग इतके भरावे. कमी पडेल ती रक्कम स्थानिक करातून द्यावी. पाव महागला की रक्कमही वाढे. मदतीचे एकक येथे खाणारे तोंड हे होते. तोंडे किती आणि पाव कितीचा, एवढेच दोन प्रश्न विचारले गेले होते; ती तोंडे जगात आली कशी, हा प्रश्न कोष्टकात नव्हता. या व्यवस्थेत मालकांना मजुरी कमी ठेवण्याची सोय झाली, ही तिच्यावरील टीका निराधार नाही. तरीही पुढील वादाला जे वळण मिळाले ते मजुरीच्या दिशेने मिळाले नाही. ते संततीच्या दिशेने मिळाले.

हे वळण देणारा ग्रंथ म्हणजे टॉमस रॉबर्ट मॅल्थसचा लोकसंख्येवरील निबंध. तो १७९८ मध्ये प्रथम निनावी प्रसिद्ध झाला व १८०३ मध्ये त्याची मोठी सुधारित आवृत्ती निघाली. या दुसऱ्या आवृत्तीत त्याने निसर्गाच्या मेजवानीचे रूपक योजले. आधीच भरलेल्या पंक्तीत न बोलावता आलेल्या माणसासाठी पान मांडलेले नसते आणि यजमानीण त्याला उठून जायला सांगते, असा त्याचा आशय. या परिच्छेदावर इतका गदारोळ झाला की १८०६च्या आवृत्तीतून तो गाळण्यात आला. रूपक गेले तरी त्याच ग्रंथातील व्यावहारिक सूचना राहिली. कायदा करून जाहीर करावे, की त्या तारखेपासून एक वर्षानंतर होणाऱ्या कोणत्याही विवाहातून जन्मलेल्या मुलाला, आणि दोन वर्षांनंतर जन्मलेल्या कोणत्याही अनौरस मुलाला सार्वजनिक मदतीवर हक्क राहणार नाही. पूर्वसूचना द्यावी, तारीख ठरवावी आणि त्यानंतरच्या जन्माची जबाबदारी संपूर्णपणे जन्मदात्यांवर टाकावी, हा या सूचनेचा घाट आहे. ६ एप्रिल २०१७ ही तारीख याच घाटात बसते.

मॅल्थसचा भारताशी संबंध केवळ वैचारिक नाही. १८०५ पासून १८३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात इतिहास व अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. पुढे हेलीबरी या गावाच्या नावाने हे महाविद्यालय ओळखले गेले. कंपनीच्या मुलकी सेवेत भारतात येणारे तरुण त्याच्या वर्गात बसत. दारिद्र्याचे मूळ संख्येत शोधण्याची सवय येथील शासनव्यवहारात कोठून आली याचा शोध घेताना हा दुवा दुर्लक्षून चालणार नाही.

१८३४ मध्ये इंग्लंडमध्ये नवा गरीब-कायदा आला. धडधाकट माणसाला घरबसल्या मदत बंद करून त्याला ‘वर्कहाउस’मध्ये पाठवावे व तेथील जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहून कमी सुखाचे ठेवावे, हे त्याचे तत्त्व होते. याच कायद्यातील एका कलमाने अनौरस मुलाच्या पालनपोषणाचा भार मुख्यतः आईवर टाकला. फ्रान्सिस ट्रॉलप या लेखिकेची ‘जेसी फिलिप्स’ ही कादंबरी (१८४३) या कलमाच्या विरोधात लिहिली गेली. कायद्यातील एका कलमाला उत्तर म्हणून कादंबरी लिहिली जावी, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी आहे.

३. साहित्यातील मोजणी

मॅल्थसच्या कितीतरी आधी जोनाथन स्विफ्टने या विचारपद्धतीचा शेवट कोठे होतो ते दाखवून ठेवले होते. १७२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या उपहासात्मक प्रस्तावातील निवेदक आयर्लंडमधील गरिबांच्या मुलांचा शांतपणे हिशेब मांडतो. दरसाल एक लाख वीस हजार मुले जन्मतात, वीस हजार वंशवृद्धीसाठी राखावीत आणि उरलेली एक लाख वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत. उपहासाचे बळ त्यातील अमानुषतेत जेवढे आहे, तेवढेच निवेदकाच्या सद्भावी, काटकसरी आणि आकडेवारीप्रिय स्वरात आहे. त्याच्या गणितात चूक नाही. मुलांना केवळ संख्या म्हणून घेतल्यावर गणित कोठेही जाऊ शकते, एवढेच स्विफ्ट सुचवतो.

चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ने (१८३७–३९) हीच गोष्ट आतून दाखवली. वर्कहाउसमध्ये जन्मलेल्या नायकाला आडनाव मिळते ते वर्णानुक्रमाने. त्याच्या आधीच्या मुलाला ‘एस’वरून नाव दिले गेले, म्हणून याला ‘टी’वरून. मूल येथे यादीतील पुढची नोंद आहे. कादंबरी मात्र त्या नोंदीच्या जागी उभी राहून जग पाहते आणि दृष्टिकोनाच्या या स्थलांतरामुळेच वाचकाच्या मनात कायद्याचा प्रतिवाद उभा राहतो. ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये (१८४३) स्क्रूजच्या तोंडी लोकसंख्येच्या अतिरेकाची भाषा आहे, पुढे तीच भाषा आजारी टिमच्या संदर्भात त्याला ऐकवली जाते. बॉब क्रॅचिटच्या घरी सहा मुले आहेत आणि त्याची मजुरी आठवड्याला पंधरा शिलिंग आहे, हा तपशील येथे महत्त्वाचा ठरतो. क्रॅचिट आळशी नाही, बेकारही नाही. त्याचे दारिद्र्य नोकरीतले आहे. ब्रिटनमधील २०१७ नंतरच्या मर्यादेचा फटका बसलेल्या कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांत किमान एक माणूस कमावता होता, हे ध्यानात घेतले म्हणजे डिकन्सने निवडलेले उदाहरण किती प्रातिनिधिक होते ते कळते.

या परंपरेतील सर्वांत भीषण प्रसंग टॉमस हार्डीच्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’मध्ये (१८९५) आहे. मुले फार आहेत म्हणून ज्यूड आणि सू यांना राहायला जागा नाकारली जाते. आपल्यामुळे मोठ्यांना आसरा मिळत नाही, आणि त्यात आणखी एक मूल येणार आहे, हे घरातील थोरल्या मुलाला कळते. तो दोन भावंडांना व स्वतःला गळफास लावतो आणि आपली संख्या फार झाली म्हणून हे केले, अशा अर्थाची चिठ्ठी मागे ठेवतो. या प्रसंगावर अतिरंजिततेचा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु हार्डीने येथे एक तर्कशुद्ध कृती केली आहे. ‘मुले जास्त झाली’ हे वाक्य मोठ्यांच्या जगात वर्णन म्हणून, तक्रार म्हणून किंवा धोरण म्हणून फिरत असते. ज्याच्याविषयी ते बोलले जाते त्या मुलाने ते ऐकले आणि खरे मानले तर काय होईल, एवढेच त्याने दाखवले. संख्येच्या भाषेला ऐकणारा असतो, याचे भान या प्रसंगातून येते. धोरणाचे लेखन करदात्याला आणि आई-वडिलांना उद्देशून असते. तिसरे मूल त्या लेखनाचा विषय असते, श्रोता कधीच नसते.

४. उलटलेला क्रम

विसाव्या शतकाच्या आरंभी हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला जाऊ लागला. सीबोम राऊंट्रीने १८९९ मध्ये यॉर्क शहराची घरोघर पाहणी केली व १९०१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. किमान शारीरिक गरजांपुरतेही उत्पन्न नसलेल्या लोकांपैकी निम्म्याहून किंचित अधिक लोकांच्या बाबतीत कारण होते ते नियमित काम असूनही मजुरी तोकडी असणे, आणि सुमारे २२ टक्क्यांच्या बाबतीत कुटुंब मोठे असणे. राऊंट्रीने आणखी एक गोष्ट दाखवली. मजुराचे आयुष्य दारिद्र्यातून आत-बाहेर होत असते. स्वतः लहान असताना, मुले लहान असताना आणि म्हातारपणी ते तळाला जाते. मोठे कुटुंब हा एका विशिष्ट वर्गाचा स्वभाव नसून आयुष्यातील एक टप्पा आहे, असा याचा अर्थ होतो.

एलिनर रॅथबोनने ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ (१९२४) या ग्रंथात यातून पुढचे पाऊल टाकले. मजुरी माणसाच्या कामावर ठरते, घरातील तोंडांवर ठरत नाही. म्हणून मुलांसाठी स्वतंत्र भत्ता असावा आणि तो आईच्या हाती द्यावा, हे तिचे प्रतिपादन. बेव्हरिजच्या १९४२च्या अहवालाने बालभत्ता हे सामाजिक सुरक्षेचे एक गृहीतक मानले आणि १९४५च्या कायद्यानुसार १९४६ पासून आठवड्याला पाच शिलिंगांचा भत्ता सुरू झाला. हा भत्ता पहिल्या मुलाला नव्हता. तो दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक मुलाला होता. एका मुलाचा भार मजुरी उचलू शकेल, मुले वाढतील तशी गरज वाढेल, ही त्यामागील धारणा. १९४६ मध्ये मदत ज्या क्रमांकापासून सुरू झाली त्याच्या लगेच पुढच्या क्रमांकापाशी ती २०१७ मध्ये थांबली. मधल्या सत्तर वर्षांत मुलाच्या भुकेचे स्वरूप बदलले नव्हते. बदलले होते ते तिच्याविषयी सांगितले जाणारे कथानक. पहिल्या कथानकात मोठे कुटुंब ही आपत्ती होती, दुसऱ्यात तो निर्णय झाला.

हेच दुसरे कथानक अमेरिकेत आधी प्रस्थापित झाले होते. मदत घेत असताना जन्मलेल्या मुलासाठी वाढीव रक्कम नाकारणारा कायदा न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये केला आणि इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये व न्यू जर्सीने २०२० मध्ये आपापली मर्यादा रद्द केली.

५. मुंबई विधिमंडळातील दोन चर्चा

भारतात, आणि विशेषतः मराठी विचारविश्वात, या प्रश्नाची मांडणी आरंभी निराळी झाली होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. संतती मर्यादित असावी हा त्यांचा आग्रह होता. परंतु त्याचा पाया स्त्रीचे आरोग्य, तिचे स्वातंत्र्य आणि शास्त्रीय माहितीचा प्रसार हा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या दोन भूमिका येथे शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मातेला प्रसूतीच्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून या खर्चाचा भार मोठ्या प्रमाणात शासनाने उचलला पाहिजे, असे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती-लाभ कायदा झाला. दहा वर्षांनंतर, नोव्हेंबर १९३८ मध्ये, संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याच्या साधनांची सोय शासनाने करावी, असा ठराव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. त्यासाठीचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. ठराव संमत झाला नाही.

या दोन्ही भूमिका एकाच विचाराच्या आहेत. संतती कमी असावी असे आंबेडकरांना वाटत होते आणि प्रसूत होणाऱ्या स्त्रीला सार्वजनिक आधार असावा असेही वाटत होते. पहिल्या गोष्टीसाठी दुसरी रोखून धरावी, असा सांधा त्यांनी जोडला नाही. साधने पुरवणे हा एक मार्ग आहे आणि साहाय्य नाकारणे हा दुसरा. दोन्ही मार्ग ‘लहान कुटुंब’ या एकाच शब्दप्रयोगाखाली येत असल्यामुळे त्यांतील भेद पुसला जातो. मराठी परंपरेत तो भेद १९३८ मध्येच स्पष्ट होता, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात दुसऱ्या मार्गाचे आकर्षण वाढत गेले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या काळातील सक्तीचे चित्रण रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘अ फाइन बॅलन्स’ (१९९५) या कादंबरीत आले आहे. पुढे सक्तीची जागा अपात्रतेने घेतली. दोनहून अधिक अपत्ये असलेल्यांना पंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरवणारी हरियाणातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३ मध्ये वैध ठरवली. महाराष्ट्रात शासकीय नोकरीसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम २००५ मध्ये आले. निवडणूक किंवा नोकरी ही गरिबांना मिळणारी मदत नव्हे, हे खरे. परंतु दोनचा आकडा पात्रतेची खूण म्हणून रूढ होण्यास या नियमांनी हातभार लावला.

६. अपत्य, प्रसूती आणि कुटुंब

योजनांच्या मसुद्यांतील शब्दयोजना पाहिली म्हणजे मर्यादा कशी काम करते ते अधिक नेमकेपणाने दिसते. मराठी शासनव्यवहारात मुलांची मोजणी ‘अपत्य’ या शब्दाने होते. यास्काने निरुक्तात या शब्दाची जी व्युत्पत्ती सुचवली आहे तीत, ज्याच्या योगे पतन टळते ते अपत्य, हा अर्थ आहे. म्हणजे शब्दाचा कल मुळातच जन्मदात्याच्या हिताकडे आहे. अपत्य हे नेहमी कोणाचे तरी असते. ‘मूल’ किंवा ‘लेकरू’ या शब्दांना तसा षष्ठीचा आधार लागत नाही; रस्त्यावर एकटे सापडलेले ते मूल असते, त्याला कोणी अपत्य म्हणत नाही. म्हणून ‘तिसरे अपत्य’ असे म्हटले की वाक्याचा कर्ता आपोआप आई-बाप होतात आणि भुकेले लेकरू वाक्यातून बाहेर पडते.

दुसरा भेद जन्म आणि हयात यांतील. १९९५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रसूती-लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालील स्त्रीला पहिल्या दोन जिवंत जन्मांपुरते साहाय्य होते. जन्मलेले बाळ पुढे दगावले तरी मोजणीत ते राहत असे. नोव्हेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराविषयीच्या प्रकरणात हे साहाय्य मुलांची संख्या व आईचे वय न पाहता द्यावे, असा आदेश दिला. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला, अन्य मार्गाने तसा लाभ मिळत नसल्यास, किमान ६,००० रुपयांचा लाभ मान्य केला. कायद्यात अपत्यक्रमाची अट नाही. २०१७ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने मात्र ५,००० रुपयांचा लाभ पहिल्या हयात अपत्यापुरता ठेवला आणि सर्व हप्ते मिळाल्यावर बाळ दगावले तर पुढील बाळंतपणी पुन्हा लाभ मिळणार नाही, असे मार्गदर्शक सूचनांत नमूद केले. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास तिच्यासाठी लाभ जोडला गेला. संघटित क्षेत्रात २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, पण दोन वा अधिक हयात अपत्ये असलेल्या स्त्रीसाठी ती १२ आठवडेच राहिली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हीच तरतूद आहे.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात महारवाड्यातील बाळंतपणांचे जे वर्णन येते त्यात बाळंतिणीची उपासमार आणि अर्भकांचे मृत्यू या एकाच अनुभवाच्या दोन बाजू आहेत. किती जन्मली आणि किती जगली हे दोन वेगळे आकडे असतात, हे तेथील प्रत्येक आईला ठाऊक आहे. ‘जिवंत जन्म’ या एककाने मोजणारी योजना हे दुःख वजा करीत नाही, ते हिशेबात आईच्या नावावर टाकते.

तिसरे एकक ‘कुटुंब’ हे. २०१३च्या कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, तर अंत्योदय योजनेतील कुटुंबांना, म्हणजे अतिगरिबांना, प्रत्येक कुटुंबामागे ३५ किलो. सात माणसांपर्यंत दुसरी व्यवस्था माणशी ५ किलो किंवा त्याहून अधिक देते. घरात नऊ माणसे असतील तर ती माणशी चार किलोंच्याही खाली जाते. संतती रोखण्याचा कोणताही हेतू येथे नाही. तरीही सर्वांत गरीब अशा मोठ्या कुटुंबावर मर्यादा पडते ती केवळ एककाच्या निवडीमुळे. रोजगाराच्या बाबतीतही असेच घडले. महाराष्ट्राच्या १९७७च्या रोजगार हमी कायद्याने कामाचा हक्क प्रौढ व्यक्तीला दिला होता. २००५च्या राष्ट्रीय कायद्याने वर्षाचे १०० दिवस दिले ते कुटुंबाला. घर मोठे झाले तरी दिवस तेवढेच राहिले. हेतूपूर्वक घातलेल्या मर्यादेवर निदान वाद होतो. एककात दडलेली मर्यादा नजरेतून सुटते.

७. मर्यादेच्या बाजूचा युक्तिवाद

मर्यादेच्या समर्थकांचे म्हणणे केवळ कठोर म्हणून बाजूला सारणे न्याय्य ठरणार नाही. त्यांचा मुख्य मुद्दा समतेचा आहे. मदत न घेणारे मध्यम उत्पन्नाचे जोडपे आणखी एक मूल परवडेल का याचा विचार करते. मग मदत घेणाऱ्या जोडप्यानेही तो का करू नये? दुसरा मुद्दा सार्वजनिक पैसा मर्यादित असल्याचा आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये, मर्यादेचा परिणाम स्त्रियांवर अधिक होतो हे मान्य करूनही ती वैध ठरवली आणि हा समतोल साधणे संसदेचे काम आहे असे म्हटले.

या मुद्द्यांना दोन उत्तरे संभवतात. एक अनुभवजन्य आहे. मेरी रीडर, जोनाथन पोर्ट्स आणि रूथ पॅट्रिक यांच्या २०२२ मधील अभ्यासात ब्रिटिश मर्यादेमुळे तिसऱ्या व पुढील जन्मांत झालेली घट अतिशय अल्प आढळली. जन्म टळले नाहीत, जन्मलेल्यांच्या घरचे उत्पन्न घटले. शिवाय मूल जन्मते त्या वेळी धड असलेले घर पुढे आजार, मृत्यू, घटस्फोट वा बेकारी यांमुळे मदतीच्या दारात येऊ शकते. राऊंट्रीने दाखवलेले चढ-उतार संपलेले नाहीत. भारतातही २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एकूण जननदर २.० व महाराष्ट्रात १.७ इतका खाली आला होता. आंध्र प्रदेशाने तर नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट काढून टाकली.

दुसरे उत्तर तत्त्वाचे आहे. मध्यमवर्गीय जोडप्याशी केलेली तुलना दोन प्रौढांमधील आहे; ज्याला तिचा परिणाम भोगावा लागतो ते मूल तुलनेत कोठेच नाही. निवडीचे तत्त्व मान्य केले तरी ती निवड मुलाची नव्हती. मे २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका शासकीय शिक्षिकेला तिसऱ्या बाळंतपणासाठी नाकारलेली प्रसूतिरजा मान्य करताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने लोकसंख्या-नियंत्रणाचे उद्दिष्ट आणि प्रसूतिरजेचे उद्दिष्ट हे परस्परविरोधी नाहीत, दोहोंचा मेळ घालता येतो, अशी दिशा घेतली. १९२८ व १९३८ मधील आंबेडकरांच्या दोन भूमिकांशी हा विचार जुळणारा आहे.

८. समारोप

स्पीनहॅमलँडच्या कोष्टकापासून अंत्योदयाच्या शिधापत्रिकेपर्यंत पाहिले असता असे दिसते, की साहाय्यावरील मर्यादा ही प्रथम कथानकात आणि शब्दांत घातली जाते, मग कायद्यात येते. मॅल्थसच्या पंक्तीत उशिरा आलेला पाहुणा, २०१७च्या नियमातील तिसरे मूल आणि आपल्याकडील तिसरे अपत्य यांची रचना समान आहे. आधी आलेल्यांच्या दृष्टीने ते अधिकचे आहे. स्वतःच्या दृष्टीने मात्र कोणतेही मूल तिसरे नसते. स्विफ्ट, डिकन्स, हार्डी आणि बेबी कांबळे यांच्या लेखनात समान सूत्र शोधायचे तर ते हेच की, मोजणाऱ्याच्या जागेवरून हलून मोजल्या जाणाऱ्याच्या जागेवर त्यांनी वाचकाला नेले, किंवा, स्विफ्टप्रमाणे, मोजणाऱ्याच्या जागी इतका वेळ बसवून ठेवले की तेथे बसणे अशक्य व्हावे.

साहित्याने धोरण ठरवावे असा याचा अर्थ नाही. पैसा मर्यादित असतो आणि वाटणीचे निकष लागतातच. परंतु निकष ठरवणाऱ्या वाक्याचा कर्ता कोण, कर्म कोण आणि एकक कोणते, हे तपासण्याची साधने साहित्याभ्यासाजवळ आहेत. एखाद्या योजनेच्या मसुद्यात ‘अपत्य’, ‘जिवंत जन्म’ किंवा ‘कुटुंब’ यांपैकी कोणता शब्द वापरला आहे, हे वाचणाऱ्याला आधीच कळले, तर महिनाअखेरीस कोणाच्या वाट्याचे धान्य कमी पडणार हेही त्याला आधीच सांगता येईल.